ग्रीनकार्डच्या एनआयडब्ल्यू अर्जावर आरएफई (आणखी पुरावे द्या अशी नोटीस) आली आहे. उत्तर देऊ, की सरळ ईबी-१ए (असामान्य कर्तृत्वाची श्रेणी) टाकू?

लोखंडीचणा
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आता अडला हरी म्हणून लिहितोय. (म्हण पूर्ण करू नका.)

बीई सिव्हिल पुण्यातून, एमएस आणि पीएचडी इथे अमेरिकेत. सध्या पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) विद्यापीठाचा, म्हणजे लॉटरीविना मिळालेला. विषय पुलांचा गंज. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर झिरपून खालच्या पोलादाला खातं. हा गंज डोळ्यांना दिसायच्या आधी सेन्सरने कसा ओळखायचा, आणि पत्र्याची उरलेली जाडी बघून पूल किती भार पेलेल याचं गणित कसं मांडायचं, हे माझं काम.

ऑगस्ट २०२५ मध्ये आय-१४० (ग्रीनकार्डचा पहिला अर्ज) भरला, ईबी-२ एनआयडब्ल्यू (देशहित म्हणून नोकरीच्या ऑफरची अट माफ), प्रीमियम (जादा पैसे भरून लवकर उत्तर) करून. वकील केला नाही. पेपर नऊ, सायटेशन्स (इतरांच्या पेपरांतले उल्लेख) दोनशेच्या आसपास, शिफारसपत्रं पाच (त्यातली तीन गाईड आणि सहलेखकांची). मुदत संपत आली तेव्हा आरएफई आली. सारांश असा: विषय मोलाचा आहे हे मान्य, पण तुमच्या नेमक्या कामाचं राष्ट्रीय महत्त्व दिसत नाही. तुम्ही क्षेत्राचं महत्त्व सांगितलंत, स्वतःच्या कामाचं नाही. आणि ते काम पुढे नेण्याच्या स्थितीत तुम्ही आहात हेही पटलेलं नाही.

माझे प्रश्न: (१) उत्तर देण्यात अर्थ आहे का, की हे सोडून ईबी-१ए भरावा? (२) आता तरी वकील करावा का? बायको आर्किटेक्ट आहे, जोडीदाराच्या एच-४ व्हिसावर घरी बसून वैतागली आहे. त्यामुळे घाई आहे.

चहाटळ
पुलाला गंज, अर्जालाही गंज. जाणकार येतीलच, मी जागा पकडून ठेवतो.

ओहायोतला_बाळ्या
अशी आरएफई सध्या जो तो दाखवतोय. माझा रूममेट बॅटरीतला आहे, त्याची आणि तुमची शेजारी ठेवली तर नावं आणि तारखा सोडून परिच्छेदच्या परिच्छेद सारखे निघतील. जानेवारी २०२२ मध्ये स्टेमवाल्यांसाठी (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) नवी मार्गदर्शक सूचना आली, मग सगळेच एनआयडब्ल्यू भरायला लागले. तेव्हा भराभर मंजूर व्हायचे. आता हात आखडता घेतलाय, आणि जानेवारी २०२५ मध्ये इमिग्रेशन खात्याच्या धोरण पुस्तिकेत आणखी कलमं घातली.

वकील करा हो. आरएफई आली म्हणजे खेळ संपला असं नाही, पण उत्तराची संधी एकच मिळते.

धुळ्याची_मिरची
बाळ्याभाऊ, वकील म्हणजे काय जादूची कांडी आहे का? माझ्या नवऱ्याचं एका मोठ्या फर्मकडे दिलं होतं. मसुदा आला. मी आपली चहा पीत वाचतेय, तर अकराव्या पानावर मधेच स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी! हा माणूस पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचा. कोणाचा तरी जुना अर्ज समोर ठेवून नाव बदललं होतं, आणि एवढा एक परिच्छेद बदलायचा राहिला. फोन केला तर म्हणे, बरं झालं तुम्ही बघितलंत. पैसे घेताना मात्र सगळं "तुमच्यासाठी खास" होतं.

शेवटी अर्धं आम्हीच लिहिलं. वकील करायचा तर करा, पण तुमचं काम काय हे तो लिहील या भ्रमात राहू नका.

कायद्याचंबोला
मी वकील नाही, इमिग्रेशनच्या ऑफिसात कागद लावायचं काम बरीच वर्षं केलंय. हा कायदेशीर सल्ला समजू नये.

चणेसाहेब, तुमचं घोडं जिथे अडलंय तिथेच आज बहुतेकांचं अडतंय. एनआयडब्ल्यूची सगळी भिस्त डिसेंबर २०१६ च्या धनसार निकालावर आहे. तो अर्जदारही अभियांत्रिकीतला संशोधकच होता, हायपरसॉनिक प्रॉपल्शनवाला. आधी नाकारला गेला, मग अपिलात मंजूर झाला, आणि त्याच्याच प्रकरणातून आजची तीन पायऱ्यांची कसोटी आली. काम मोलाचं आणि राष्ट्रीय महत्त्वाचं आहे का, ते पुढे न्यायला हा माणूस योग्य स्थितीत आहे का, आणि नोकरीची ऑफर व लेबर सर्टिफिकेशन (त्या जागेला स्थानिक माणूस मिळत नाही हा दाखला) माफ करण्यात देशाचा फायदा आहे का.

या निकालातला एक भाग लोक वाचतच नाहीत. धनसार शिकवतही होता. अपील कार्यालयाने म्हटलं की शिकवणं चांगलं काम आहे, पण त्याचा प्रभाव वर्गाबाहेर व्यापक पडतो हे दाखवलेलं नाही. पहिली पायरी तो संशोधनावर चढला. तुमचा अधिकारी तोच फरक विचारतोय. "अमेरिकेतले पूल जुने झालेत" हे वाक्य पुलावर काम करणारा कुठलाही इंजिनिअर लिहू शकतो. तुमचं काम झालं नाही तर नेमकं काय अडेल?

आणि गंमत ऐका. धनसारच्या आधी अठरा वर्षं जो निकाल चालत होता, १९९८ चा न्यूयॉर्क परिवहन खात्याचा, तो चक्क पुलांवर काम करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा होता. पूल महत्त्वाचे हे तेव्हाही मान्य झालं, आणि अर्ज तरीही नाकारला गेला.

चहाटळ
म्हणजे पूलवाल्यांचं घराणंच शापित आहे.

लोखंडीचणा
@कायद्याचंबोला, हे माहीतच नव्हतं! काल रात्री बसून तो १९९८ चा निकाल वाचला. मी माझ्या पत्रात पहिली दोन पानं देशात सहा लाखांवर पूल आहेत, त्यातले चाळीस हजारांहून जास्त खराब अवस्थेत आहेत, २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात पुलांसाठी किती निधी दिला, यावर घालवली आहेत. माझं काम तिसऱ्या पानावर सुरू होतं.

नदीकाठ
मी महाराष्ट्रात सरकारी खात्यात आहे, पुलांचंच बघतो. धागा वाचून जरा कसंसंच झालं. २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसट्या माणसांसकट वाहून गेल्या. २०२५ च्या १५ जूनला मावळात कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत पडला. तो तर गंजलेलाच होता. आणि आमच्या पुण्याच्या कॉलेजातून शिकलेला मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या पुलाचा गंज मोजतोय, तिथल्या देशहिताचे दाखले गोळा करतोय. राग नाही हो. पण सांगावंसं वाटलं.

ओहायोतला_बाळ्या
झालं, ब्रेन ड्रेन सुरू. आता शंभरी नक्की.

भटकभवानी
नदीकाठ, प्रश्न रास्त आहे, पण पत्ता चुकलाय. कुंडमळ्याचा पूल धोकादायक आहे हे कळायला सेन्सर कुठे लागणार होता? तसा फलक लावलेला होता. तिथे पीएचडीवाला कमी पडला नाही.

नदीकाठ
भटकभवानी, फलक लावणं म्हणजे देखभाल नव्हे, हे मलाही कळतं. आमच्याकडे तपासणीची यादी असते, माणूस जातो, वरून बघतो, खाली उतरायला शिडी नसते. अहवालात "समाधानकारक". चणेसाहेबांची पद्धत स्वस्त झाली तर आम्हाला हवीच आहे, म्हणून तर बोललो.

ओहायोतला_बाळ्या
इथेही आधी माणसं गेली, मग नियम आले. आमच्या ओहायोतून नदीपलीकडे वेस्ट व्हर्जिनियात जाणारा सिल्व्हर ब्रिज डिसेंबर १९६७ मध्ये ऐन गर्दीच्या वेळी कोसळला, ४६ माणसं गेली. पुलांची नियमित तपासणी देशभर सक्तीची झाली ती त्यानंतर.

जुनाजाणता
विषय पुलांकडे गेलाय तर मी जरा थंड पाणी ओततो. चणेसाहेब, समजा आरएफई जिंकलात. पुढे काय? आय-१४० मंजूर म्हणजे ग्रीनकार्ड नव्हे, रांगेतला नंबर. नोव्हेंबर २०२५ च्या बुलेटिनात (कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर आला हे सांगणारं महिन्याचं पत्रक) ईबी-२ इंडियाची तारीख १ एप्रिल २०१३ होती. तुमची २०२५ ची.

हिशेब सोपा आहे. नोकरीवरून दिली जाणारी ग्रीनकार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, त्यात ईबी-२ चा वाटा २८.६ टक्के, आणि कुठल्याही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. म्हणजे भारताला या रांगेतून वर्षाला तीन हजारांच्याही आत, इतरांचं उरलंसुरलं मिळालं तर वेगळं. आणि त्यात बायकापोरंही मोजतात.

माझी तारीख २०१४ ची. सप्टेंबर २०२२ मध्ये ईबी-२ इंडिया १ डिसेंबर २०१४ पर्यंत आली होती. कोविडमध्ये उरलेले व्हिसा वापरायचे होते म्हणून गाडी सुसाट सुटलेली. मी पेढे आणले. ऑक्टोबरचं बुलेटिन आलं तर तारीख मागे, १ एप्रिल २०१२. डिसेंबरात आणखी मागे, २०११. पेढे संपले, तारीख अजून यायची आहे. आय-४८५ (ग्रीनकार्डचा शेवटचा अर्ज) तेवढा आत सरकवला होता म्हणून ईएडीवर (नोकरीचा परवाना) निवांत आहे.

२०१९ मध्ये देशनिहाय मर्यादा काढायचं विधेयक हाउसमध्ये ३६५ विरुद्ध ६५ ने पास झालं, तेव्हाही आम्ही असेच नाचलो होतो. असो.

धुळ्याची_मिरची
जुनाजाणता काका, नुसता नंबर म्हणून मोडीत काढू नका. आय-१४० मंजूर झाला की एच-१बी सहा वर्षांनंतरही तीन तीन वर्षांनी वाढवता येतो. आणि चणेभाऊंच्या बायकोला एच-४ ईएडी मिळू शकतं, २०१५ पासूनचा नियम आहे. तारीख २०१३ ला असो की १८५७ ला, ईएडीला फरक पडत नाही. मी स्वतः त्याच कागदावर नोकरी करतेय. घरात दोन पगार यायला लागले की बुलेटिन बघायची सवय आपोआप सुटते.

जुनाजाणता
हे मान्य. माझ्या वेळी ही सोय नव्हती, त्यामुळे डोक्यात येत नाही. बायको अजून ऐकवते.

मस्कतची_लेक
चणेदादा, एक आगाऊ प्रश्न. वहिनींचा जन्म कुठला?

लोखंडीचणा
सांगली. का हो?

मस्कतची_लेक
अरेरे! ७ टक्क्यांची रांग नागरिकत्वावर नसते, जन्मदेशावर असते. आणि नवराबायकोपैकी कोणा एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर दोघांनाही त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. माझे बाबा ओमानला नोकरीला होते, मी मस्कतच्या हॉस्पिटलात जन्मले. पासपोर्ट भारताचा, शाळा डोंबिवलीची, पण रांग ओमानची, म्हणजे बाकी जगाची. नवरा जळगावचा. त्याची तारीख माझ्यामुळे कित्येक वर्षं आधी लागली. सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात, सून पायगुणाची आहे.

चहाटळ
विवाहमंडळांनी फॉर्ममध्ये रास, नाडी, गण यांच्याखाली "चार्जेबिलिटी" (रांग कुठल्या देशाची) असा रकाना घालावा. मंगळ असला तरी चालेल, जन्म कुवेतचा हवा.

कोल्हापुरी_पायताण
लय भारी. आमच्या आत्याची पोरगी दुबईत जन्मलीय, स्थळ बघायला लागलोय. पुण्यातली पीएचडी पोरं रांगेत उभी करतो आता.

लोखंडीचणा
बायकोला हा प्रतिसाद वाचून दाखवला. "सांगलीत काय वाईट आहे?" एवढंच म्हणाली, आणि स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटली.

व्हिसामित्र_ऑफिशियल
एनआयडब्ल्यू / ईबी-१ए मंजुरीची हमी! नाकारल्यास पैसे परत. पुरस्कार, परीक्षक म्हणून निमंत्रण, मासिकात मुलाखत, सर्व काही पॅकेजमध्ये. निरोप पाठवा.

प्रशासक
वरील सदस्याचं खातं गोठवलं आहे. प्रतिसाद इतरांना सावध करण्यासाठी ठेवतो आहोत, संपर्काचे तपशील काढले आहेत.

कायद्याचंबोला
बरं झालं ठेवलात. ईबी-१ए साठी दहापैकी किमान तीन निकष लागतात: पुरस्कार, इतरांचं काम तपासणं, मूळ योगदान, लेख वगैरे. त्यामुळे हे निकष विकत देणाऱ्यांची दुकानं निघाली आहेत. पैसे भरून मिळणारे पुरस्कार, कोणी न वाचणाऱ्या मासिकात मुलाखत. अधिकाऱ्यांना ही नावं आता पाठ आहेत. आणि २०१० च्या कझारियन निकालानंतर तपासणी दोन टप्प्यांत होते. तीन निकष मोजून झाले की सगळा पुरावा एकत्र ठेवून विचारतात, हा माणूस खरंच त्या क्षेत्राच्या शिखरावरच्या थोड्यांपैकी आहे का? विकतचा पुरस्कार तिथे उलटा नडतो, कारण मग खऱ्या पेपरांकडेही संशयाने बघतात.

ब्लूकार्डवाला
श्टुटगार्टहून दखल. चणेसाहेब, इकडे कधी विचार केलात का? ब्लू कार्डावर (जर्मनीतला उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना) बी-१ पातळीचं जर्मन आलं तर २१ महिन्यांत कायमचा परवाना, नुसतं ए-१ असेल तर २७. जन्मदेशाची रांग वगैरे भानगड नाही. आणि तुमचं काम इथे रोज बातमीत आहे. ड्रेस्डेनच्या कारोला पुलाचा एक भाग ११ सप्टेंबर २०२४ ला पहाटे एल्बे नदीत पडला. आतल्या, काँक्रीट आवळून धरणाऱ्या प्रीस्ट्रेसिंगच्या पोलादाला गंजाने भेगा गेल्या होत्या. लास्ट ट्राम जाऊन फार वेळ झाला नव्हता. त्याआधी ए-४५ महामार्गावरचा राहमेडेचा पूल डिसेंबर २०२१ ला बंद करून २०२३ मध्ये सुरुंगाने उडवला, तोवर आख्खा औद्योगिक पट्टा वळसा घालत होता.

तोटे: पगार अमेरिकेपेक्षा कमी, कर जास्त, आणि रविवारी भिंतीत ड्रिल मारलंत तर शेजारी तक्रार करतो.

ओहायोतला_बाळ्या
आणि जर्मन भाषेत आरएफई आली तर?

ब्लूकार्डवाला
जर्मन भाषेत सगळंच आरएफई असतं. सवय होते.

परतलेला
मी चार वर्षांपूर्वी पुण्यात परत आलो, फेलोशिपवर. अमेरिकेत आय-१४० मंजूर होता, ईबी-१बी, म्हणजे विद्यापीठाने भरलेला. सोडून आलो. लोकांना वाटतं आईवडिलांसाठी आलो, तेही आहेच. पण मुख्य कारण असं की मला स्वतःची प्रयोगशाळा हवी होती आणि इथे ती मिळाली. निधी मंजूर होतो, मग खात्यात यायला वेळ लागतो, उपकरण कस्टममध्ये बसतं, जेममधून (सरकारी खरेदीचं पोर्टल) खरेदी करताना डोकं फिरतं. हे सगळं खरं. विद्यार्थी मात्र उत्तम.

चणेसाहेबांच्या विषयापुरतं बोलायचं तर कोकण किनाऱ्यावर मीठ फुकट आहे, बर्फाची वाट बघायला नको. मालवणजवळ आमचे नमुने खाडीकाठी टांगलेत, एका पावसाळ्यात जे होतं ते बघून थक्क झालो. कधी आलात तर दाखवतो. या म्हणून आग्रह नाही.

भटकभवानी
परतलेला, वेगळा धागा काढा की यावर. खरेदी प्रक्रियेवरच शंभर प्रतिसाद येतील.

वाचनमात्र
शिफारसपत्रांबद्दल कोणी बोललंच नाही. चणेंच्या पाचातली तीन आतल्यांची आहेत. माझे गाईड म्हणाले, तूच लिहून पाठव, मी सही करतो. असं चालतं का?

धुळ्याची_मिरची
सगळे तेच करतात. कोणाला वेळ आहे?

कायद्याचंबोला
करतात म्हणून चालतं असं नाही. मसुदा देणं ही एक गोष्ट, पाच पत्रं एका हाताने लिहिणं दुसरी. आमच्याकडे एक फाइल आली होती. पाचही पत्रांत एकाच शब्दाचं स्पेलिंग एकाच पद्धतीने चुकलेलं, आणि पाचही जण तीन खंडांतले. आरएफईत अधिकाऱ्याने ते पाच शब्द ओळीने लिहून दाखवले होते. बाकी काही म्हटलं नव्हतं.

माझं मत: मसुदा देऊ नका, मुद्दे द्या. आणि जो तुम्हाला भेटलेला नाही, पण तुमचं काम वापरतो, त्याचं एक पान गाईडच्या चार पानांना भारी पडतं.

लोखंडीचणा
सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नावर येतो. ईबी-१ए वर दोन वकिलांशी फुकटच्या पहिल्या बैठकीत बोललो. एक म्हणाला लगेच भरू. दुसरा म्हणाला दोनशे सायटेशन्सवर शिखर दाखवायचं तर आणखी काहीतरी लागेल, सध्या थांबा. दुसऱ्याने पैसे मागितले नाहीत, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतोय.

कायद्याचंबोला, तुम्ही विचारलंत की माझ्याविना काय अडेल. डोक्यात हे आलं: जानेवारी २०२२ मध्ये पिट्सबर्गचा फर्न हॉलो पूल पडला. वेदरिंग स्टीलचा होता. हे पोलाद स्वतःच गंजाचा पातळ थर धरून पुढचा गंज थोपवतं, म्हणून रंग देत नाहीत. पण पाण्याचा निचरा तुंबला आणि पायांशी मीठपाणी साचत राहिलं, तर तो थर कधी टिकत नाही. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली, निष्कर्ष गंजावर आणि वर्षानुवर्षं न झालेल्या देखभालीवर आहे. माझा २०२३ चा पेपर नेमका या जागेबद्दल आहे: सांध्याजवळ कचरा साचलेला असताना जाडी कशी मोजायची. एका राज्याच्या परिवहन खात्याने आमचे सेन्सर काही पुलांवर गेल्या हिवाळ्यात लावलेत. हे मी मूळ अर्जात एका ओळीत उरकलं होतं.

कायद्याचंबोला
हे एका ओळीत?! चणेसाहेब, हाच तर तुमचा अर्ज आहे.

आता नीट ऐका. उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस, मुदतवाढ नाही. सगळं एकदम पाठवायचं, अर्धं पाठवलंत तर तेच पूर्ण उत्तर धरून निकाल लावतात. पात्रता अर्ज भरला त्या दिवशीची बघतात, म्हणून ऑगस्टनंतर छापलेला पेपर फार कामाचा नाही. पण ऑगस्टच्या आधी जे घडलं त्याबद्दल आज लिहिलेलं पत्र चालतं. सेन्सर गेल्या हिवाळ्यातले, म्हणजे तुम्ही सुरक्षित. आणि काम बदलू नका. मूळ अर्जात जे लिहिलंय तेच उलगडून सांगा, नवीन योजना घुसवलीत तर म्हणतील हा वेगळाच अर्ज आहे.

त्या परिवहन खात्यातल्या पूल अभियंत्याचं पत्र मिळवा. सरकारी यंत्रणेचं पत्र उपयोगी पडतं हे धोरण पुस्तिकेतच लिहिलंय. पत्रात स्तुती नको. कुठल्या प्रकारच्या पुलावर बसवलं, काय दिसलं, त्यामुळे कुठला निर्णय बदलला, इतर राज्यांना ते का उपयोगी पडेल, एवढंच. सुरक्षा मंडळाच्या अहवालातलं संबंधित पान जोडा, पण त्याच्या शेजारीच तुमच्या पेपरातली आकृती ठेवा. अधिकाऱ्याला पान उलटायला लावू नका. तिसऱ्या पायरीसाठी लेबर सर्टिफिकेशन इथे का बसत नाही ते सांगा. ती प्रक्रिया एका मालकाच्या एका जागेसाठी किमान पात्रतेचा कोणी स्थानिक मिळतो का ते बघते, आणि तुमचं काम एका जागेपुरतं नाही.

सहा लाख पुलांची दोन पानं एका परिच्छेदात आणा.

ईबी-१ए नंतर कधीही भरता येईल, दोन्हींचा एकमेकांना अडथळा नाही. उलट हा मंजूर झाला तर ऑगस्ट २०२५ ची तारीख पुढे ईबी-१ मध्येही तुमचीच राहते. ईबी-१ इंडिया नोव्हेंबर २०२५ मध्ये फेब्रुवारी २०२२ ला होती, २०१३ पेक्षा बरं.

जुनाजाणता
+१. हे मला २०१४ मध्ये कोणी सांगितलं असतं तर मी पण लेखबिख लिहिले असते.

लोखंडीचणा
ठरलं. उत्तर देतोय. लिहिणार मी, आणि तो दुसरा वकील फक्त वाचून देईल, तासाच्या दराने. खात्यातल्या बाईंना ईमेल गेली. त्यांनी विचारलं, पत्रात नालीतल्या पानांच्या कचऱ्याचा फोटो टाकू का? टाका म्हटलं.

नदीकाठ
चणेसाहेब, शुभेच्छा, मनापासून. आणि तो २०२३ चा पेपर मला पाठवाल का? आमच्या सर्कलला एक जुना लोखंडी पूल आहे, त्याच्या सांध्यात पिंपळ उगवलाय.

लोखंडीचणा
आजच पाठवतो. पिंपळाचा आणि सांध्याचा जवळून फोटो काढता आला तर पाठवा. सोबत पट्टी किंवा नाणं ठेवा, म्हणजे माप कळेल.

वाचनमात्र
जाता जाता एक. माझ्या पदवीवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग बाबांचं. पासपोर्टवर बाबांचं नाव माझ्या नावाला चिकटलेलं. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचंही नाव. अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटतील का?

मस्कतची_लेक
एक शपथपत्र करून ठेवा की ही सगळी नावं एकाच व्यक्तीची. आणि जन्मदाखला आत्ताच बघून घ्या. नवऱ्याच्या दाखल्यावर आईबापाचं नाव, तारीख, वजन सगळं होतं, फक्त बाळाचं नाव नव्हतं! आय-४८५ च्या वेळी धावपळ नको.

वाचनमात्र
आत्ताच आईला फोन करून कपाट उघडायला लावलं. माझ्यावरही नाव नाहीये. नुसतं "पुरुष".

चहाटळ
म्हणजे तीन नव्हे, चार माणसं.

मस्कतची_लेक
आईंना नगरपालिकेत पाठवा, नाव नंतर घालता येतं. शाळा सोडल्याचा दाखला सोबत न्यायला सांगा. आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत नको, खिडकी बंद असते.